चिखलात रुतलेला पॅटन: पहिले युद्धदृश्य उभारताना

रणगाड्याचे प्लॅस्टिक मॉडेल जोडणे आणि त्याचे युद्धदृश्य, म्हणजे डायोरामा, उभारणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. नवशिका बहुधा आधी रणगाडा पूर्ण करतो, रंगवतो आणि शेवटी त्याच्याखाली कुठली तरी जमीन सरकवतो. त्यामुळे चाळीस-पंचेचाळीस टनांचे वाहन जमिनीवर उभे असल्यासारखे न दिसता नुसते आणून ठेवल्यासारखे दिसते. म्हणून या लेखात क्रम उलटा धरला आहे. जमीन कोणती, ती ओली की कोरडी आणि वाहन तिच्यात किती रुतले आहे, हे आधी ठरवावे आणि मगच खोक्यातला पहिला भाग कापावा.

भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडच्या वाचकाला या कामात एक मोठी सोय आहे. रोवणीच्या दिवसांत बांधीत फसलेला ट्रॅक्टर त्याने डोळ्यांनी पाहिलेला असतो. चाकाने उकरलेला चिखल कुठे साचतो, पाणी कुठे थांबते, मडगार्डच्या आतला गाळ कोणत्या रंगाचा असतो आणि उन्हाने तो किती वेळात फिकट पडतो, हे शहरातल्या छंदिष्टाला छायाचित्रांवरून शिकावे लागते. म्हणून पहिल्या दृश्यासाठी चिखलाचा विषय घ्यावा, असे माझे मत आहे.

दृश्य कोणते घ्यावे

सप्टेंबर १९६५ मधील असल उत्तरची लढाई या दृष्टीने अतिशय सोयीची आहे. पंजाबातील खेमकरणच्या भागात पाकिस्तानच्या चिलखती डिव्हिजनने एम-४७ आणि एम-४८ पॅटन रणगाड्यांनिशी चढाई केली होती. भारतीय सैन्याने घोड्याच्या नालेच्या आकाराची संरक्षक फळी उभारली आणि परिसरातली शेते पाण्याने भिजवून ठेवली. उभ्या उसात आणि ओल्या शेतात अडकलेले पॅटन भारताच्या सेंच्युरियन व शर्मन रणगाड्यांच्या आणि जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटर रिकॉइललेस (मागे धक्का न देणाऱ्या) तोफांच्या टप्प्यात आले. चार ग्रेनेडियर्स या पलटणीचे अब्दुल हमीद यांनी अशाच जीपवरील तोफेने रणगाडे फोडले, १० सप्टेंबरला ते धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

विषय वाचताक्षणी जीप, तोफ, जळता रणगाडा आणि सैनिक असे सगळेच एका फळीवर मांडण्याचा मोह होतो. तो पहिल्या वेळी टाळावा. मानवी आकृत्यांचे चेहरे रंगवणे ही स्वतंत्र विद्या आहे आणि वाईट रंगवलेला एक चेहरा चांगल्या रणगाड्याचे मोल घालवतो. उसाच्या कडेला पाण्यात रुतलेला, झाकणे उघडी टाकून सैनिकांनी सोडून दिलेला एकच पॅटन घ्यावा. सोडून दिलेल्या वाहनात कोणी दिसत नसल्याने आकृत्यांचा प्रश्नच उरत नाही.

किट आणि मापांचा हिशेब

चिलखती वाहनांसाठी एकास पस्तीस हे सर्वांत रुळलेले प्रमाण आहे. एकास बहात्तर हे प्रमाण स्वस्त आणि जागा वाचवणारे असले, तरी त्यात माणूस जेमतेम अडीच सेंटिमीटरचा होतो आणि चिखलाचे थर दाखवायला जागाच उरत नाही. एकास पस्तीसमध्ये १७५ सेंटिमीटर उंचीचा माणूस बरोबर ५ सेंटिमीटरचा होतो. हा आकडा पाठ करावा, कारण दृश्यातली प्रत्येक वस्तू त्याच्याशी ताडून पाहता येते.

इटालेरी या कंपनीचे एम-४७ पॅटन या विषयाला चालते. तामिया या कंपनीचे एम-४८ए३ जोडायला सुखाचे आहे, परंतु ए-३ ही डिझेल इंजिनाची नंतरची आवृत्ती असल्याने १९६५ च्या पाकिस्तानी रणगाड्यासाठी ती काटेकोरपणे बसत नाही. खऱ्या एम-४७ ची रुंदी सुमारे साडेतीन मीटर, म्हणजे मॉडेलवर १० सेंटिमीटर. तोफ पुढे धरून लांबी सुमारे साडेआठ मीटर, म्हणजे २४ सेंटिमीटरच्या आसपास. त्यासाठी ३० बाय २५ सेंटिमीटरची फळी पुरते. मोठी फळी घेतल्यास रिकामी जमीन भरण्यातच उत्साह संपतो.

रुतण्याचे मापही आताच ठरवावे. रणगाड्याचे पोट जमिनीपासून सुमारे अर्धा मीटर उंच असते. ते चिखलाला टेकले असे दाखवायचे, तर पट्टे, म्हणजे चाकांभोवतीच्या लोखंडी साखळ्या (ट्रॅक), मॉडेलच्या मापाने सव्वा ते दीड सेंटिमीटर खाली गेले पाहिजेत. याचा एक आनंददायक परिणाम असा, की खालच्या बाजूचा बराचसा भाग कायमचा झाकला जातो आणि तिथल्या बारीक भागांवर डोळे फोडावे लागत नाहीत. फळीवर तीन सेंटिमीटर जाडीचे थर्माकोल चिकटवावे, रणगाड्याचा खालचा सांगाडा जोडून झाल्यावर तो त्यावर तिरका ठेवून पेन्सिलीने आखावा आणि खाच कोरावी. फळीच्या कडेला समांतर ठेवलेले वाहन प्रदर्शनातल्या वस्तूसारखे दिसते, म्हणून थोडा कोन द्यावाच. रुतलेला रणगाडा सहसा सपाटही नसतो. एक पट्टा दुसऱ्यापेक्षा अधिक खोल गेलेला दाखवला, की वजन लगेच जाणवते.

जोडणी

साहित्य फार लागत नाही. धारदार कटर, भाग कापायचा निपर, चारशे ते आठशे नंबरचा पॉलिश पेपर, चिमटा, दोन-तीन चांगले सिंथेटिक ब्रश आणि पॉलिस्टायरिनसाठीचा पातळ मॉडेल सिमेंट एवढ्यावर काम भागते. हा सिमेंट डिंकासारखा चिकटत नाही, तर दोन्ही कडा वितळवून एकजीव करतो. म्हणून भाग आधी जुळवून धरावेत आणि मग फटीला ब्रशचे टोक लावावे, द्रव आपोआप आत ओढला जातो. फेव्हिकॉल या कामाला निरुपयोगी आहे. पाइप जोडायचे सोल्यूशन मात्र हाताशी असले तरी वापरू नये, कारण ते जाड असते आणि नाजूक भाग विरघळवून टाकते. फेव्हिक्विक धातूच्या आणि रबरी भागांपुरता ठेवावा. तो जास्त लावला तर आसपास पांढरी बुरशी आल्यासारखा थर बसतो आणि रंगाखालूनही तो डोकावतो.

खोके उघडल्यावर भागांच्या चौकटी भांड्याच्या साबणाने कोमट पाण्यात धुऊन वाळवाव्यात, कारण साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर रंग धरू देत नाही. भाग चौकटीला अगदी लागून कापू नये. थोडे देठ ठेवून कापावे, ते दुसऱ्यांदा कटरने काढावे आणि मग घासावे. साच्याच्या दोन अर्ध्यांमुळे आलेली बारीक रेघ प्रत्येक चाकावर आणि तोफेच्या नळीवर असते. ती घासल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण नंतर दिलेला पातळ रंग नेमका तिथेच साचून तिला ठळक करतो.

सूचनापत्रिका सांगते त्या क्रमाने सगळे एकदम चिकटवण्याऐवजी खालचा सांगाडा, वरचा भाग, टरेट (तोफेचा फिरता बुरूज) आणि पट्टे असे चार गट वेगळे ठेवावेत. पट्टे रंगवल्यानंतरच चढवावेत. एम-४७ ला प्रत्येक बाजूला सहा मोठी चाके आणि वर तीन छोटे आधाररोलर असतात, त्यामुळे वरची पट्टी दोन रोलरांच्या मधे किंचित ओघळलेली दिसते. किटमधली पट्टी रबरासारखी असेल तर ती ताठ राहते. तशा वेळी ती रोलरांच्या मधे हलकेच खाली दाबून फेव्हिक्विकच्या थेंबाने आतल्या बाजूला धरून ठेवावी. एवढ्या एका गोष्टीने मॉडेल खेळणे वाटायचे थांबते, आणि तरीही बहुतेक नवशिके नेमकी हीच गोष्ट सोडून देतात.

रेडिओची अँटेना किटमध्ये जाड येते किंवा येतच नाही. उरलेल्या चौकटीचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीवर, ज्योतीला न टेकवता, मऊ होईपर्यंत फिरवावा, बाजूला घ्यावा आणि दोन्ही हातांनी सावकाश ओढावा. केसाएवढी बारीक, ताठ तार मिळते.

ऋतू पाहून रंग

रंगकामाच्या यशापयशात आपल्याकडे हवामानाचा वाटा मोठा असतो. विदर्भाच्या मे महिन्यात स्प्रे कॅनमधून उडालेला थेंब मॉडेलपर्यंत पोचण्याआधीच वाळतो आणि पृष्ठभाग पॉलिश पेपरसारखा खरखरीत होतो. ब्रशने द्यायचा ॲक्रिलिक रंग तर ब्रशच्या टोकावरच सुकतो. पावसाळ्यात याउलट दमट हवेमुळे लॅकर प्रकारच्या प्रायमरवर आणि वार्निशवर दुधी झाक येते. सर्वांत चांगला काळ दिवाळीनंतरचा. कापूस वेचणी आणि धान कापणीच्या धांदलीतून वेळ निघत नसेल, तर उन्हाळ्यात सकाळी ऊन चढण्याआधी ओसरीच्या सावलीत फवारणी उरकून घ्यावी आणि ब्रशच्या रंगात वाळण्याचा वेग कमी करणारे रिटार्डर थेंबभर मिसळावे.

करड्या प्रायमरचा थर दिल्याशिवाय रंग देऊ नये. मॉडेलसाठीचा प्रायमर मिळाला नाही तर गाड्यांच्या रंगाच्या दुकानातील स्प्रे प्रायमर चालू शकतो, पण त्यातले द्रावण जहाल असते. आधी चौकटीच्या तुकड्यावर मारून पाहावे, वीस-पंचवीस सेंटिमीटर अंतर ठेवावे आणि एका जाड थराऐवजी दोन-तीन विरळ थर द्यावेत. तोंडाला मास्क असावा आणि काम उघड्यावर असावे. थर्माकोलच्या जवळ हा कॅन अजिबात नेऊ नये. थर्माकोल आणि किट दोन्ही पॉलिस्टायरिनचेच असतात, परंतु फुगवलेले थर्माकोल त्या द्रावणाने क्षणात वितळते.

पहिल्या मॉडेलसाठी एअरब्रशची गरज नाही. पुढे घ्यायचा झाला तरी कंप्रेसरचा खर्च करण्यापूर्वी आपल्या गावात वीज कोणत्या वेळी असते याचा हिशेब करावा. ब्रशने रंगवताना वायेहो (Vallejo) कंपनीसारखे पाण्यात मिसळणारे रंग सोपे जातात. तामियाच्या ॲक्रिलिक रंगांत अल्कोहोल असते, त्यामुळे दुसरा हात देताना खालचा थर उकलू शकतो. हे रंग फवारणीला उत्तम, ब्रशला अवघड. रंग दुधाएवढा पातळ करावा, एकाच दिशेने ओढावा आणि ओल्या भागावर पुन्हा ब्रश फिरवू नये. पहिल्या थरानंतर काम फसल्यासारखे वाटते, पण तिसऱ्या थराला ते सारखे होते.

मूळ रंग ऑलिव्ह ड्रॅब ठेवावा, मात्र बाटलीतला तसाच लावू नये. लहान वस्तूवर गडद रंग खऱ्यापेक्षा काळपट दिसतो, म्हणून त्यात थोडा बदामी मिसळून तो उजळ करावा आणि टरेटच्या माथ्यासारख्या ऊन लागणाऱ्या आडव्या भागांवर आणखी थोडा फिकट हात द्यावा. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात किंवा लष्करी ठिकाणांच्या चौकांत मांडलेली जुनी वाहने आकार, जोडकाम आणि पट्ट्यांची ठेवण अभ्यासण्यासाठी अवश्य पाहावीत. रंगासाठी मात्र त्यांच्यावर विसंबू नये, कारण मांडून ठेवलेले वाहन वेळोवेळी नव्याने रंगवले जाते.

अंक आणि चिन्हे पाण्यात भिजवून उतरवायच्या डिकलच्या रूपात येतात. किटमधली चिन्हे बहुधा दुसऱ्याच देशाच्या रणगाड्याची असतात. जुन्या छायाचित्रात आधार सापडला नाही तर वाहन बिनचिन्हाचे ठेवावे, ते खोट्या चिन्हापेक्षा बरे. डिकल लावायचेच असेल तर खाली चकचकीत वार्निश द्यावे. मॅट रंगावर थेट लावल्यास त्याच्याखाली हवा अडकते आणि चंदेरी कड दिसते.

यानंतरचे काम वॉशचे. गडद तपकिरी तैलरंग चित्रकारांच्या टर्पेंटाइनमध्ये चहाच्या पाण्याएवढा पातळ करून बारीक ब्रशने केवळ सांधे, बोल्ट आणि झाकणांच्या कडांशी टेकवावा. संपूर्ण वाहनावर तो ओतू नये. त्याने रंग मळकट होतो, आणि टर्पेंटाइन साचून राहिले तर उघड्या प्लॅस्टिकच्या ताणलेल्या जागा ठिसूळ होऊन तडकतात. वॉश वाळल्यावर फिकट हिरव्या रंगाचा ब्रश कापडावर जवळजवळ कोरडा पुसून कडांवरून फिरवला, की उंचवटे उठून दिसतात. खरचटलेल्या जागांसाठी भांडी घासायच्या स्पंजचा कण गडद रंगात बुडवून, बराचसा टिपून, झाकणांभोवती हलकेच टेकवावा. गंज मात्र आवरता घ्यावा. हा चालू स्थितीतला, दोन-तीन दिवसांच्या लढाईतला रणगाडा आहे. धुराड्याची झाकणे आणि पट्ट्यांचे लोखंड सोडून गंजाला तिथे कारण नाही.

माती

आता मुख्य काम. आपल्या शेतातली माती फुकट मिळते म्हणून कन्हारीची काळी माती उचलणे ही सर्वांत सहज होणारी चूक आहे. पंजाबची जमीन नद्यांच्या गाळाची, फिकट तपकिरी आहे. काळ्या चिखलातला पॅटन पाहून जाणकार लगेच ठिकाण चुकल्याचे सांगेल. वैनगंगेच्या खोऱ्यातली पिवळसर सिहार माती किंवा गावठाणातली पांढरी माती त्या रंगाच्या बरीच जवळ जाते. ती दोन-तीन दिवस उन्हात वाळवावी, जुन्या तव्यावर भाजून घ्यावी म्हणजे किड्यांची अंडी आणि ओल जाते, आणि मैद्याच्या चाळणीनंतर पुन्हा मलमलच्या कपड्यातून गाळावी. एक मिलिमीटरचा खडा या प्रमाणात साडेतीन सेंटिमीटरचा दगड होतो. म्हणून हातांना जी माती बारीक वाटते, ती दृश्यात गोट्यांची वाटते.

थर्माकोलवर आधी फेव्हिकॉलचा पूर्ण थर द्यावा. मग गाळलेली माती, थोडे प्लास्टर ऑफ पॅरिस, फेव्हिकॉल, पाणी आणि तपकिरी ॲक्रिलिक रंग यांचा घट्ट लगदा करून पसरावा. रंग मिसळणे आवश्यक आहे, कारण त्यामुळे नंतर टवका उडाला तरी आतून प्लास्टरचे पांढरे दिसत नाही. लगदा ओला असतानाच रणगाडा खाचेत दाबून बसवावा. पट्ट्यांच्या कडेने चिखल वर उसळू द्यावा आणि मागच्या बाजूला पट्ट्याच्या सुट्या तुकड्याने ठसे उमटवत न्यावेत. अडकलेल्या रणगाड्याने निघण्याची धडपड केलेली असते, म्हणून मागे चिखलाचे ढीग आणि खोल घळी हव्यातच. सुकताना भेगा पडल्या तर घाबरू नये, त्यांत पातळ लगदा भरावा.

हाच लगदा, जरा पातळ करून, रणगाड्यावर वापरावा. जमिनीचा आणि वाहनावरचा चिखल एकाच वाटीतला असला, की दोन्ही एकमेकांचे वाटतात. चाकांच्या मधे जाड थर भरावा आणि फेंडरच्या (पट्ट्यांवरच्या पत्र्याच्या) खालच्या बाजूला गुठळ्या चिकटवाव्यात. ब्रश लगद्यात बुडवून काडीवर आपटल्यास सांगाड्याच्या बाजूंवर शिंतोडे उडतात. शिंतोडे खालून वर आणि पुढून मागे जातात, टरेटच्या माथ्यावर ते सहसा पोचत नाहीत. शेवटी वरचा, जुना चिखल फिकट ठेवून पाण्यालगतच्या चिखलावर अर्धचकचकीत वार्निश लावावे. ओल आणि कोरडेपणा यांतला हा फरक रंगापेक्षा चकाकीतून अधिक कळतो.

ऊस आणि पाणी

सप्टेंबरमधला ऊस अडीच-तीन मीटर उंच धरला, तर मॉडेलवर सात ते साडेआठ सेंटिमीटर होतो. कांडासाठी खराट्याच्या काडीचा बारीक, साधारण एक मिलिमीटर जाडीचा भाग घ्यावा आणि बारीक ब्रशने पेरांच्या रेघा ओढाव्यात. पानांसाठी वहीच्या कागदाच्या दीड मिलिमीटर रुंद, तीन सेंटिमीटर लांब, टोकाला निमुळत्या पट्ट्या कापून मधोमध घडी द्यावी आणि बोटाने वाकवाव्यात. काम कंटाळवाणे आहे यात शंका नाही. म्हणून उसाचा फड फळीच्या एका कोपऱ्यापुरता ठेवावा आणि कडेला कापलेला दाखवावा, म्हणजे पुढे तो पसरलेला आहे असे पाहणारा समजून घेतो. रणगाड्याने चिरडलेली काही कांडे पट्ट्याखाली आडवी टाकावीत. त्यांचा रंग ताज्या मोडीसारखा फिकट हिरवा असावा, वाळलेला नव्हे. धुऱ्यावरच्या गवतासाठी जुन्या गोणपाटाचे तंतू कापून, रंगवून, चिमट्याने खोचले तरी पुरते.

पाणी सर्वांत शेवटी. अराल्डाइट त्यासाठी जाड आणि पिवळट पडते. पारदर्शक, पातळ इपॉक्सी रेझिन घ्यावे आणि हार्डनरचे प्रमाण त्याच्या बाटलीवर लिहिल्याप्रमाणे काटेकोर मोजावे, अंदाजाने नाही. प्रमाण चुकले तर पृष्ठभाग कायमचा चिकट राहतो. शेतातले पाणी निळे नसते. तपकिरी तैलरंगाचा सुईच्या टोकाएवढा कण मिसळून ते गढूळ करावे. फळीच्या कडांना प्लॅस्टिकच्या पट्टीचा बांध घालून फटी टेपने बुजवाव्यात, फळी स्पिरिट लेव्हलने समतल करावी आणि एका वेळी दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड थर ओतू नये. कडक उन्हाळ्यात रेझिन लवकर तापते आणि घट्ट होते, म्हणून थोडेच मिसळावे. पावसाळी हवेत त्यावर धूसर साय धरते. काम संपल्यावर चोवीस तास वरून खोके उपडे घालून ठेवावे, नाहीतर ओल्या रेझिनवर धूळ आणि दिव्यावरचे किडे बसतात. हातात मोजे असावेत.

रेझिन पूर्ण कडक झाल्यावर बांध काढून कडा घासाव्यात आणि फळीच्या चारही बाजूंना व खालून इनॅमल रंगाचे दोन हात द्यावेत. कागदी ऊस आणि प्लायवूड या दोन्हींवर वाळवीचा डोळा असतो, म्हणून दृश्य भिंतीला टेकवून ठेवू नये. टिनपत्र्याच्या छताखालच्या माळ्यावरही ते नेऊ नये, तिथल्या उष्णतेने तोफेची लांब नळी आणि ओढलेली अँटेना हळूहळू वाकते. काचेची किंवा ॲक्रिलिकची पेटी तालुक्याच्या फोटोफ्रेमवाल्याकडून करून घेता येते. माप देताना उंची उसाच्या शेंड्यापासून नव्हे, तर अँटेनाच्या टोकापासून मोजून द्यावी.